मावशींचा खालचा आवाज

आमच्या घरमालकीणबाईंशी एकदाही भांडण झालं नाही असा माणूस अख्ख्या मारेगावात शोधून सापडला नसता, आणि सापडलाच असता तर तो नुकताच बसमधून उतरलेला असता. मी स्वतः तशीच उतरले होते. यवतमाळहून बदली होऊन आलेली नवी शिक्षिका, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात स्टँडवर घेतलेल्या वांग्यांची पिशवी. "शाळेत नवी आले आहे, खोली बघायची होती," असं मी म्हणते आहे तोवर त्यांनी पिशवीत डोकं घातलं होतं. "हे वांगे कोनं देल्ले तुले? समदे किडके हायेत. अन् तू पाह्यलं बी नाई? काय शिकोतं वो लेकरायले?" पिशवीसकट त्यांनी मला भाजीवालीकडे परत नेलं, तिच्याशी कडाडून भांडल्या, वांगी बदलून घेतली, बदललेली वांगीही बरी नाहीत म्हणून वाटभर माझ्याशी भांडल्या, आणि या धामधुमीत केव्हा तरी खोलीची किल्ली माझ्या हातात आली. संध्याकाळी त्याच वांग्यांची भाजी त्यांच्या घरून माझ्याकडे आली. ताटली ठेवताना त्या एवढंच म्हणाल्या, "तुले त काही येत नसन."

मी त्यांना मावशी म्हणू लागले, कारण सगळं गाव म्हणत होतं. घराला लागून त्यांची पिठाची चक्की होती. नवरा तरुणपणीच गेला, तेव्हापासून ती चक्की त्या एकट्या चालवत होत्या. जन्मभर त्या घरघरीवर आवाज चढवून बोलल्यामुळे चक्की बंद असतानाही त्यांचा आवाज तिथंच अडकून राहिला होता. त्यांना कुजबुजायचं असलं तरी ते रस्त्यापलीकडच्या सायकलवाल्याला कळत असे, आणि तो तिथूनच आपलं मत देत असे. त्या भांडायच्या कोणाशी, यापेक्षा कोणाशी नाही हे सांगणं सोपं. वीज गेली की बंद पडलेल्या दिव्याशी. रेडिओवर पावसाचा अंदाज सांगणाऱ्या माणसाशी: "काल बी हेच म्हनला होता तू! खिडकी उघडून पाह्य ना!" विहारात वंदनेला गेल्या की वंदना फार घाईत म्हणतात म्हणून पुढच्या रांगेशी, आणि ध्यानाला बसल्या की शेजारणीच्या खोकल्याशी. माझ्याशी तर रोज. मी साडी उलटी वाळत घालते, मी चहा पाण्यासारखा करते, मी दार लोटते पण कडी लावत नाही. पहिला महिना मी रडले, दुसऱ्या महिन्यात सवय झाली, आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी यवतमाळला गेले तेव्हा सकाळी उठल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. आमच्या घरात सगळे नोकरदार. कोणी कोणाच्या साडीकडे बघत नसे.

मेलेल्या माणसालाही त्या सोडत नसत. गावातला म्हातारा शिंपी गेला तेव्हा मी त्यांच्यासोबत गेले होते. तिरडी बांधून झालेली, बाया हुंदके देत उभ्या, आणि मावशी डोक्याशी जाऊन उभ्या राहिल्या. "माह्या पोलक्याच्या बाह्या तशाच ठेवून चालला काय बावा? दिवाळीपासून उद्या देतो, उद्या देतो! आता कोनाकडे मांगू?" मी मागून त्यांचा पदर ओढला. पण शिंप्याची म्हातारी रडता रडता हसली आणि म्हणाली, "मलेबी असंच करे वो मावशी, उद्या, उद्या," आणि मग जी रडली ती मोकळी होऊन रडली. त्या दिवसापर्यंत मला मावशींचं भांडण हा नुसता स्वभाव वाटत होता.

एका माणसाला मात्र तो स्वभाव झेपला नव्हता, आणि तो त्यांचा एकुलता एक मुलगा होता. सिद्धार्थ लहानपणापासून अबोल. मोठ्या आवाजानं दचकणारा, चक्की सुरू झाली की कोठीमागं जाऊन बसणारा. मावशी त्याला हाक मारत ती रागावल्यासारखी, जेवायला वाढत ते दटावून, आणि ताप आला तर तापाबद्दल त्यालाच फैलावर घेत. तो शिकला, पुण्याला नोकरीला लागला आणि तिकडचाच झाला. सणावारालाही यायचा नाही. मावशी दर रविवारी बाजारातल्या एसटीडी बूथवरून त्याला फोन करत. काचेची ती केबिन बंद असूनही अख्ख्या बाजाराला कळे, की सिद्धार्थनं बनियन बदलावं आणि बाहेरचं खाऊ नये. तो काय म्हणतो ते कळत नसे, कारण मावशी त्याला बोलूच देत नसत. केबिनमधून बाहेर आल्या की म्हणत, "काहीच बोलत नाई थो."

मी आले ती कापसाची वाईट वर्षं होती. त्या वर्षांबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, मी ते पुन्हा लिहिणार नाही. शाळेत हजेरी घेताना एखादं मूल गैरहजर असायचं, आणि का, हे कोणी सांगण्याआधी वर्ग शांत व्हायचा, एवढंच सांगते. पहिल्यांदा आसपासच्या गावातून कोणा शेतकऱ्यानं जीव दिल्याची बातमी आली तेव्हा मारेगावची दुकानं आपोआप बंद झाली होती. माणसं माणसांना धरून रडली होती. नंतर बातम्या येत राहिल्या. मग टपरीवर कोणी विचारायचं, "कोन गाव?" आणि गाव ऐकून चहा पुढं सरकायचा. आमच्या शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी हळहळून "पुन्हा?" म्हणायचं आणि हातातला पोह्यांचा घास तोंडात जायचा. ही माणसं वाईट नव्हती. सगळी त्याच मातीतली, ज्याच्या त्याच्या घरी कापूस. पण रोज रोज रडणं माणसाला जमत नाही, आणि रडता येईनासं झालं की तो बातमीकडे पाहायचंच टाळतो.

मावशी रडत नसत, म्हणून असेल कदाचित, त्या थकल्या नाहीत. एखाद्या घरचं दळण यायचं थांबलं की त्या अस्वस्थ होत, आणि चक्कीला कुलूप लावून त्या घरी जात.

सुनंदाच्या घरी गेलो तो दिवस मला आठवतो. जवळच्याच एका खेड्यातली ती सून, नवऱ्याला जाऊन आठवडा उलटला होता. ओसरीवर माणसं बसलेली, सगळे इतक्या खालच्या आवाजात बोलत होते की माश्यांची घोंघोंसुद्धा ऐकू येत होती. सुनंदा आत भिंतीला टेकून बसली होती. ती बोलत नाही, खात नाही, असं तिच्या सासूनं माझ्या कानात सांगितलं. मावशी कोणाला न विचारता सरळ चुलीपर्यंत गेल्या. ओसरीवरच्या दोघा-तिघा म्हाताऱ्यांना त्यांच्या आवाजापेक्षा त्यांचं चुलीपर्यंत जाणं जास्त खटकलं, हे मला त्यांच्या मानांवरून दिसलं. पण त्या घरात त्या दिवशी कोणाच्या अंगात अडवण्याचं बळ नव्हतं.

"चूल कायले थंडी हाय वो?" मावशींचा आवाज ओसरीपर्यंत आला. "ह्या समद्यायचे गोड गोड बोलनं खाते काय तुम्ही? पीठ कुठी हाय? हे काय, मीठ उघडं! पानी सुटलं मिठाले! काय बाई हायेस का कोन हायेस?"

ओसरीवरची कुजबुज थांबली. मला जमीन दुभंगावी असं वाटलं. तेवढ्यात आतून एक बारीक, घोगरा, चिडका आवाज आला. "मिठाचं झाकन फुटलं दिवाळीत. मी काय करू?"

सुनंदा बोलली होती. मावशी म्हणाल्या, "वाटी झाकाले काय होते?" ती म्हणाली, "वाट्या त्याच लागते जेवाले." मग दोघी मिठावरून, वाट्यांवरून, ओल्या सरपणावरून अशा भांडल्या की सासू उठून आत गेली आणि तीही भांडणात पडली. भांडता भांडता भाकरी झाल्या. सुनंदानं अर्धी खाल्ली.

परतताना मी म्हटलं, "मावशी, दुःखात असलेल्या माणसाशी असं बोलतात का?"

त्यांनी चालता चालता पदराला लागलेलं पीठ झटकलं. मग म्हणाल्या, "माहा नवरा गेला तवा समदे माह्याशी हळू बोलत. भाजीवाली बी हळू बोले. माही सासू, जे जन्मात कधी गोड बोलली नाई, थे बी हळू बोले. मले वाटे, मीच मेलो का काय. आपन जित्या मानसाशी भांडतो, मास्तरीनबाई. मेलेल्याशी कोन भांडते?"

शिंप्याची आठवण मी त्यांना करून दिली नाही.

मग ते दोन-तीन वर्षांत कितीतरी घरी झालं. सुनंदा पुढं आठवड्याला दळण घेऊन यायची आणि पीठ जाडं दळलं म्हणून मावशींशी हुज्जत घालायची. मावशी त्या दिवशी खुशीत असायच्या. बाहेरगावची माणसं गाडीतून यायची, मोठ्या शहरांतली, कॅमेरे घेऊन. तीही रडवेली व्हायची, खोटी नव्हती ती. पण त्यांना एका दिवसात चार घरं बघायची असायची. एकदा अशाच एका पाहुणीनं सुनंदाला नवऱ्याच्या फोटोशेजारी पुन्हा एकदा बसायला सांगितलं आणि तेव्हा कसं वाटलं ते विचारलं. मावशी तिथंच होत्या. म्हणाल्या, "बाई, तुमचा पत्ता द्या. तुमच्या घरी कोनी गेलं म्हंजे मी बी येतो इचाराले, कसं वाटून राह्यलं म्हनून." ती पाहुणी खरंच ओशाळली. मावशींनी तिला चहा पाजला, आणि चहात साखर कमी घेते म्हणून तिच्याशीही भांडल्या.

आणि मग शालू.

शालू दोन-तीन वर्षांपूर्वीच लग्न होऊन आलेली, पदरात लहान मुलगी, आणि नवरा गेलेला. मावशी नेहमीसारख्या आत गेल्या आणि नेहमीसारख्या सुरू झाल्या. "ऊठ, आंघोळ कर. पोरीच्या केसाची काय दशा केली पाह्य. मेलेलं मानूस भाकर मांगत नाई, जितं मांगते. ऊठ!" शालूनं दोन्ही हात कानांवर ठेवले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मावशींना वाटलं, हिला अजून जोर लावावा लागेल. त्या अजून बोलल्या. शालूचे खांदे थरथरायला लागले. तेव्हा तिची आई, आर्णीकडून आलेली एक हडकुळी बाई, मध्ये येऊन हात जोडून उभी राहिली.

"बाई, तुमी जा," ती म्हणाली. "माह्या पोरीले आठ रोज झाले समदे बोलूनच राह्यले. तुह्याच पायगुनानं गेला म्हनते. तुले सांभाळता नाई आला म्हनते. आता तुमी नोका बोलू. हात जोडतो तुमाले."

मावशी तशाच उभ्या राहिल्या. मी त्यांचा दंड धरला तेव्हा त्या चालू लागल्या. सुनंदाच्या घरी तिच्याशी कोणी धड बोलत नव्हतं आणि इथं सगळेच बोलत होते, हे मला त्या वेळी वाटेतच लक्षात आलं. मावशींना काय लक्षात आलं ते कळायला मार्ग नव्हता, कारण त्या घरापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वीज होती आणि चक्की बंद होती. तिसऱ्या दिवशी भाजीवाली माझ्याकडे घाबरून आली. "मावशीले काय झालं वो? मी चुकून सडके टमाटे देल्ले, अन् त्याइनं घेतले!" सायकलवाला रस्ता ओलांडून बघून गेला. शालूला तिची आई माहेरी घेऊन गेली, असं कळलं. मावशींनी ते ऐकलं आणि नुसती मान हलवली.

असेच काही दिवस गेल्यावर एका संध्याकाळी त्या माझ्या दारात आल्या. दार लोटलेलं होतं, कडी लावलेली नव्हती, तरी त्याबद्दल काही न बोलता आत येऊन बसल्या.

"मास्तरीनबाई," त्या म्हणाल्या, "मले हळू बोलाले शिकव."

जन्मात मला इतका अवघड विद्यार्थी भेटला नाही. रोज शाळा सुटली की आमचा वर्ग अंगणात भरे. मी म्हणायची, "म्हणा, कशी हायेस माय?" मावशी श्वास घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "कशी हायेस, माय!" त्यावर रस्त्यापलीकडून सायकलवाल्याची बायको ओरडायची, "बरी हाय!" मी म्हटलं, पोटातून बोलू नका, ओठांनी बोला. त्यांनी ओठांनी बोलून पाहिलं; ओठ हलले आणि आवाज आलाच नाही. एक तर हे टोक, नाहीतर ते. मधलं काही त्यांच्या गळ्यात घडलंच नव्हतं. मी हसायची, त्याही हसायच्या, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा वेळेवर येऊन बसायच्या. त्यांना शालूची माफी मागायची होती, आणि ती ओरडून मागता येत नाही एवढं त्यांना कळलं होतं.

थंडीत आम्ही आर्णीला गेलो. यवतमाळला बस बदलावी लागते. तिथं एका माणसानं खिडकीतून रुमाल टाकून मावशींची जागा पळवली, तरी त्या त्याला काही बोलल्या नाहीत. वाटभर त्या खिडकीकडे तोंड करून ओठ हलवत होत्या. कंडक्टरनं मला खुणेनं विचारलं, यांना बरं नाही का?

शालूच्या माहेरी अंगणात तुरीच्या हिरव्या शेंगांचा ढीग पडला होता आणि शालू एकटी सोलत बसली होती. आम्हाला पाहून तिचे हात थांबले. मावशी तिच्यासमोर गेल्या, तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या, ओठ हलले, नुसती हवा बाहेर आली. मी मनात म्हणत होते, ओरडा मावशी, काय व्हायचं ते होऊ दे. पण त्यांनी तोंड मिटलं, पदर सावरून खाली बसल्या, आणि ढिगातल्या शेंगा उचलून सोलू लागल्या.

शालूची आई दारात येऊन उभी राहिली.  मीही एका कडेला बसले. ऊन अंगणातून सरकत गेलं. शेंगा फुटल्याचा आवाज तेवढा येत होता. मावशींनी एकदाही मान वर केली नाही. बऱ्याच वेळानं शालू म्हणाली, अगदी हळू, "मावशी, किडका दाना टाकला तुमी."

मावशींनी टोपल्यात बोटं घालून तो दाणा शोधला आणि बाहेर टाकला. म्हणजे त्यांना वाटलं तोच किडका. शालूनं खरा किडका काढून टाकला. निघताना तिनं सोललेले दाणे एका फडक्यात बांधून मावशींच्या हातात दिले. माफी राहूनच गेली.

पुढच्या रविवारी मावशी बूथवर गेल्या. मी सोबत होते. केबिनमध्ये त्या बोलत होत्या आणि बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं. बूथवाल्यानं काचेवर टकटक केलं, "मावशी, लाइन कटली काय?" त्यांनी हात हलवून त्याला गप्प केलं. नंतर त्यांनीच सांगितलं, की त्या फक्त "कसा हायेस, बाप्पा?" म्हणाल्या आणि मग थांबल्या. पहिल्यांदाच थांबल्या. आणि पलीकडून सिद्धार्थ घाबऱ्या आवाजात म्हणाला, "आई, तू आजारी आहेस का?"

तो दुसऱ्याच दिवशी पुण्याहून निघाला. दारात बॅग घेऊन उभा राहिला तेव्हा मावशी पीठ चाळत होत्या. त्यांनी त्याला पाहिलं, ओठ घट्ट मिटले, खूप प्रयत्न केला, आणि शेवटी सगळी आळी हादरली: "किती बारीक झाला रे! ते लोकं जेवाले देते का नाई तुले?" सिद्धार्थ दचकला, नेहमीसारखाच. पण कोठीमागं गेला नाही. चार दिवस राहिला. पुढं वर्षातून एकदा-दोनदा येऊ लागला. फार बोलत नसे. मावशी त्याच्यासमोर बसून आवाज आवळून धरत, आणि ते आवळणं असह्य झालं की चक्कीत जाऊन एखाद्या गिऱ्हाइकाशी भांडून येत.

माझी बदली वणीला झाली. अधूनमधून मी मारेगावला जाऊन यायची. शेवटची गेले तेव्हा मावशींना ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं. चक्की सुनंदा चालवत होती. शालूची काही खबर मिळते का, असं मी विचारलं, हातवारे करून विचारलं. मावशींनी इकडंतिकडं पाहिलं, मला जवळ ओढलं, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि त्यांच्या मते अगदी कुजबुजत बोलल्या. दुपार होती, आळीतल्या बाया आपापल्या अंगणात निवडत-टिपत बसल्या होत्या, आणि सगळ्या आळीनं ऐकलं:

"मले थे पोरगी सपनात येते, मास्तरीनबाई. भित्तीकडे तोंड करून बसते. मी म्हनतो तिले, माय, माहं चुकलं. मले वाटलं समद्यायले माह्यासारखंच लागते. थे काही वळून पाहत नाई. कोनाले सांगू नोको. सिद्धार्थले बी नोको सांगू."

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी समाधानानं माझा हात थोपटला. समोरच्या अंगणातलं सूप थांबलं होतं. सायकलवाल्याची बायको डोळ्याला पदर लावून आत गेली.

मावशींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मारेगावात कोणाच्या घरी कोणती भाजी झाली हे दुसऱ्या घरी कळायला दुपार लागत नाही. पण त्या दुपारी सगळ्यांनी ऐकलेली ती गोष्ट त्या आळीतल्या एकाही बाईनं, मावशी असेपर्यंत किंवा नंतरही, कोणापाशी काढली नाही. मीही आज पहिल्यांदाच सांगते आहे.